रस्त्यावरचं खळं

आमच्या अक्काच्या गावात मी मास्तर होतो. बदलीच्या आदेशात नेमकं थोरल्या बहिणीचं सासर निघावं, असं भाग्य प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला सहसा येत नाही. मी ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा अक्कानं ओसरीलगतची खोली सारवून ठेवली होती. दाजी, म्हणजे तिचे यजमान, अबोल माणूस. "आता घरात बी शाळा भरनार म्हना की," एवढंच बोलले. घरात चौथी होती अक्काची सासू. अक्काला मूल नव्हतं. सासू अधूनमधून लेकाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढायची, दाजी तो कानाआड टाकायचे, आणि अक्काची जी माया लेकरांसाठी साठून राहिली होती ती सगळी माझ्या ताटात पडायची.

गाव नगर-जामखेड रस्त्याला चिकटून होतं. रस्ता म्हणजे तेव्हा मुरमाचा पट्टा. एसटी येताना आधी धुरळा दिसायचा, बऱ्याच वेळानं एसटी दिसायची, आणि गावातली कुत्री तिच्यामागं पळून तिला सहज गाठायची. वेगाबद्दल कुणाचं काही मत असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. त्याच्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगून झालंय, मी रस्त्यापुरतं सांगतो. दुष्काळी काम म्हणून हाच रस्ता रुंद करायला काढला आणि अख्खं गाव त्याच्या कडेला खडी फोडायला बसलं. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी खायची, मिळाली तर सरकारनं वाटलेली सुकडी खायची आणि उन्हात दगड फोडायचे. दाजी खाणीवर होते, अक्का खडीच्या ढिगाशी. एके दिवशी खाणीतला सुरुंग वेळेआधी उडाला तेव्हा अक्का भाकरी द्यायला तिथंच गेलेली. तिला एकही दगड लागला नाही म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले. पण त्या दिवसापासून तिचा डावा कान गेला आणि उजव्यानं फक्त जवळचं ऐकू यायला लागलं. ती स्वतः त्याची थट्टा करायची. "बरंच झालं की, सासूबाईचं निम्मं बोलनं वाचलं," म्हणायची. मला मात्र तिच्याशी मोठ्यानं बोलताना प्रत्येक वेळी त्या रस्त्याचा राग यायचा.

त्याच उन्हाळ्यात बैल गेले. काही छावणीत मेले, उरलेले लोकांनी येईल त्या भावाला विकले. दाजींनी जोडी विकली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

त्र्याहत्तरच्या पावसाच्या तोंडावर रस्त्यावर डांबर पडलं. पुढं पाऊसही बरा झाला. काळाभोर, गुळगुळीत रस्ता. संध्याकाळी लोक त्याच्या कडेला नुसते बसायला जायचे. आता ट्रक असे सुसाट यायचे की बघता बघता नजरेआड. कुत्र्यांनी पाठलाग सोडून दिला. एखादा ट्रक वारा घालून गेला की म्हातारी माणसंसुद्धा कौतुकानं म्हणायची, "आमच्या खडीवरनं पळतोय बरं का गडी!" गावाला त्या वेगाचा अभिमान वाटत होता, जसा शर्यतीत पळणाऱ्या आपल्या बैलांचा वाटतो. मी वर्गात वेगाची गणितं शिकवायचो आणि पोरांची नजर खिडकीतून बाहेर रस्त्यावर.

पहिल्यांदा मटकी निघाली. आता मळणी कशी करायची? एरवी खळ्याच्या मधोमध तिवड्याचा खांब रोवायचा आणि त्याभोवती पिकावरून बैल फिरवायचे. पण बैल होते कुठं? काठीनं बडवायचं म्हटलं तर सगळ्यांचे खांदे खडीनं आधीच उतरलेले. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, एका सकाळी डांबरावर मटकीचे वाळलेले वेल पसरलेले दिसले. एक ट्रक गेला, दुसरा गेला, आणि शेंगा तडातडा फुटल्या. दुपारपर्यंत मटकी पोत्यात. ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? आठवड्याच्या आत मारुतीच्या देवळापासून ओढ्याच्या वळणापर्यंत सारा रस्ता पिकानं झाकून गेला. ज्याच्या घरासमोरचा तुकडा त्याचं खळं. त्यावरून दोन सख्ख्या भावांत भांडणही झालं.

या कामाची एक रीत पडून गेली. वेल पसरायचे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कडेला दगड मांडायचे आणि खराटा घेऊन बाजूला उभं राहायचं. गाडी गेली की रस्त्यावर उतरून वेल उलटेपालटे करायचे, उडालेले दाणे झाडून पुन्हा मधे आणायचे. वळणावर एक माणूस असायचा. गाडी दिसली की तो "आली ऽऽ" अशी हाळी द्यायचा आणि सगळे कडेला पळायचे. रविवारी मी वळणावर उभा राहायचो. अक्काला हाळी ऐकू यायची नाही. ती शेजारणीकडं बघून पळायची. शेजारीण पळाली की ही पळाली. मी तिला म्हणालो, "अक्का, तू नको उतरत जाऊ रस्त्यावर." ती म्हणाली, "मंग कोन उतरनार? सासूबाई?"

ड्रायव्हर लोकांचाही एक स्वभाव गावानं ओळखला होता. हळू येणारा ड्रायव्हर पसरलेलं पीक बघतो, शिव्या देतो आणि गाडी कडेनं काढतो. जोरात येणाऱ्याला कडेनं काढायची सोयच नसते, तो सरळ वरून जातो. म्हणून गाडी दिसली की लोक हात हलवून ड्रायव्हरला खुणावत, येऊ दे, येऊ दे, जोरात येऊ दे. मी हे डोळ्यांनी पाहत होतो आणि माझं डोकं फिरत होतं. अरे, ट्रक आहे तो, बैल नव्हे. बैलाला चुचकारलं तर तो थांबतो तरी.

दसऱ्याच्या सुमाराला वळणावर एका ट्रकनं बैलगाडी उडवली. गावात उरलेल्या थोड्या बैलांपैकी एक जागीच मेला, गाडीवानाचा पाय मोडला. मग रस्त्याचा ओव्हरसियर आला. तो शाळेतच बसला, मी त्याला चहा पाजला. तो म्हणाला, "पाट्या लावू. गावातून जाताना ताशी वीस किलोमीटर. ट्रकवाल्यांना तंबी देतो. पण गावाचा ठराव लागेल, नाहीतर उद्या तुमचेच लोक म्हणतील कुणाला विचारून लावल्या." माझ्या जिवात जीव आला. अक्का रस्त्यावरून हटणार नव्हती हे मला कळून चुकलं होतं. निदान ट्रक तरी हळू येतील.

दिवाळी झाल्यावर देवळापुढं ग्रामसभा भरली. एरवी सभेला बायका येत नसत, पण हुलगे काढणीला आले होते आणि रस्त्यावरचं काम बायकांचं, म्हणून त्या येऊन देवळाच्या भिंतीशी बसल्या. ठराव मी वाचला आणि बोललोही. बैल गेला, उद्या माणूस जाईल, असं सरळ सांगितलं. माझा स्वभाव तापट, आवाज चढला असेल.

पहिल्यांदा चहाचा हॉटेलवाला उठून म्हणाला, "मास्तर म्हनत्यात ते खरं हाय." झालं! गाड्या हळू झाल्या की याच्या दारात थांबणार, मग मास्तर कुणाच्या बाजूनं बोलतोय, अशी कुजबूज सुरू झाली. एक म्हणाला, एसटी इथं रेंगाळली तर नगरच्या दवाखान्यात माणूस न्यायचा कधी? खडी फोडून फोडून हाताचं सालटं गेलेला एक गडी तावातावानं उभा राहिला. "उनात बसून रस्ता आमी केला. जन्मात पयल्यांदा गावातनं काय तरी जोरात चाललंय, त्ये बी हळू करा म्हनताय व्हय?" त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत काही वाईट नव्हतं, हेच जास्त वाईट होतं.

शेवटी एक म्हातारा बोलला. गावात त्याच्या शब्दाला मान होता. "मास्तर, तुमचं समदं बराबर. पन आमची बैलं आता हीच हायती. ती हळू चालली तर हुलगं कोन मळनार?"

सरपंच म्हणाले, पाट्या नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर होत गेले. मी भिंतीकडं पाहिलं. बायका आधी एकमेकींकडं बघत होत्या, मग त्यांचेही हात वर झाले. अक्कानं शेजारणीच्या कानाला तोंड लावून काहीतरी विचारलं. शेजारणीनं तिला मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं, आता तरी ती खाली बघेल. तिनं माझ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि हात वर केला.

त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो नाही. अक्का ताट घेऊन खोलीत आली. मी ओरडलो. तिच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं, त्या दिवशी मात्र खराच ओरडलो. "तुला ऐकू येत नाही, तू हात वर करतेस? कुणासाठी?"

तिनं ताट खाली ठेवलं. "वरडू नगं, मला समजतं. तुला म्हयन्याला पगार हाय, बाळा. आमच्या घरात दुष्काळानंतरचा पयला हंगाम हाय ह्यो. आमच्या समद्यांचं हात वर झालं, मी एकलीनं खाली ठिवला आसता तर लोकं म्हनली आसती, भावासाठी ठिवला." मग म्हणाली, "पयल्या हुलग्याची शेंगोळी करनार तुझ्यासाठी. लसूण लई घालनार. आता जेव."

मी जेवलो. ती समोर बसून राहिली. तिच्यावर मी चिडू शकत नव्हतो आणि गावावर चिडून उपयोग नव्हता.

हुलगे पसरले तेव्हा थंडी पडली होती. दिवस शाळेचा होता. सकाळभर चांगली वर्दळ होती, दुपारी जेवायला लोक घरी गेले. वळणावरचा माणूसही गेला. शेजारीण गेली. अक्काच्या पसाऱ्याचे दाणे वाऱ्यानं कडेला पांगले होते, तेवढे झाडून येते असं सांगून ती मागं राहिली. ती वाकून झाडत होती, तिची पाठ जामखेडच्या बाजूला होती. ट्रक जामखेडकडूनच आला.

मी वर्गातून ब्रेकचा आवाज ऐकला. असा आवाज त्याआधी गावात कधी झाला नव्हता, कारण ब्रेक दाबा असं त्या रस्त्यावर कुणी कुणाला म्हणतच नव्हतं. मी धावलो. कसा धावलो ते आठवत नाही, पायात चप्पल नव्हती एवढं आठवतं, कारण तळव्यांना हुलगे टोचत होते. डांबरावर पसरलेल्या हुलग्यावरून चाकं घसरली होती. अक्का कडेच्या दगडांपाशी पडली होती. खराटा अजून हातात होता. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हाका मारल्या. डाव्याशीही मारल्या.

ड्रायव्हर पळाला नाही. कर्जतकडचा तरणा माणूस होता. तो चाकाशी बसून कपाळ बडवून घेत होता. लोक त्याच्या अंगावर धावून गेले तसा तो हात जोडून म्हणाला, "तुमीच रोज हात करता वो. येऊ दे म्हनता, जोरात येऊ दे म्हनता. मी त्येच केलं." त्याला मारायला उचललेले हात तसेच राहिले. मलाही त्याला मारावंसं वाटत होतं आणि मीही मारलं नाही.

ओढ्याकाठी अग्नी दिला. परत येताना पाहिलं तर दिवस कलला होता आणि अक्काची सासू एकटी रस्त्यावर हुलगे गोळा करत होती. रडत होती आणि गोळा करत होती. कुणीतरी तिला उठवायला गेलं. ती म्हणाली, "आरं, रातीच्याला दव पडल. काळं पडत्याल. तिच्या हातचं हायती." मी तिच्याजवळ जाऊन वाकलो आणि हातानं दाणे गोळा करायला लागलो. त्या हुलग्याची शेंगोळी पुढं घरात झाली असणार, कारण पोती भरली होती आणि माणसं जेवत होती. मी त्या ताटावर कधी बसलो नाही.

तेरावं झाल्यावर पुन्हा ग्रामसभा. या वेळी मी ठराव वाचला नाही, सरपंचांनी वाचला. तोच ठराव, त्याच माझ्या अक्षरातला. पाट्या हव्यात म्हणणाऱ्यांनी हात वर करा. एकूण एक हात वर झाला. तो म्हातारा डोळे पुसत होता, खडीवाला गडी मान खाली घालून बसला होता. शेजारीण तर हमसून रडत होती. सगळं गाव एका मताचं झालं होतं, जसं मागच्या खेपेला झालं होतं. माझ्या मनात आलं, अक्काला ह्यातला एक हात आधी मिळाला असता तर! पण कुणाला बोलणार? त्यांचं दुःख खोटं नव्हतं, आणि आधीचा हातही खोटा नव्हता.

पाट्या आल्या. गावाच्या दोन्ही अंगांना, पिवळ्या खांबांवर. 'सावकाश जा. पुढे गाव आहे. वेग ताशी वीस किलोमीटर.' बसवताना लोकांनी खांबाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. ओव्हरसियर म्हणाला होता तसं ट्रकवाल्यांनी ऐकलंही. एकदोन गाड्या अडवून दम दिल्यावर गावातून ट्रक खरोखर हळू जायला लागले. मी वर्गातून ते ऐकत असे. गिअर बदलल्याचा आवाज, मग घरघर, मग पुन्हा गिअर. मला त्या घरघरीत अक्का वाचल्यासारखी वाटायची, आणि लगेच कळायचं की हे वाचणं आता कुणाच्याच कामाचं नाही.

दाजींनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. सासूनं केलं, असं म्हणायला हवं. ते मला सांगायला खोलीत आले आणि सांगता न येऊन तसेच बसून राहिले. मी म्हणालो, "करा दाजी. मी दुसरीकडं खोली बघतो." ते म्हणाले, "जाऊ नगा मास्तर." पण मी गेलो. नवी बाई गरीब स्वभावाची होती, जामखेडच्या पुढची. मला ती मास्तरभाऊ म्हणायची आणि सणाला ताट पाठवायची. तिच्यावर राग धरायला काही कारण नव्हतं, मी पुष्कळ शोधलं.

पुढच्या साली मटकी निघाली ती गावातल्या रस्त्यावर पसरली. ट्रक हळू आले, ड्रायव्हरांनी पीक बघितलं आणि कडेनं गाड्या काढल्या. दिवसभर पसरलेली मटकी संध्याकाळी होती तशीच. बैल अजून सगळ्यांच्या दावणीला आले नव्हते. लोक काठ्यांनी बडवत बसले. पाट्यांबद्दल कुणी वाईट बोललं नाही. बोलले ते एवढंच, की हुलग्याच्या वेळी काही तरी बघाया पायजे.

हुलग्याच्या वेळी सुट्टीच्या दिवशी मी फिरत ओढ्याच्या बाजूला गेलो. गाव संपलं, पाटी मागं पडली. ओढ्याचं वळण ओलांडल्यावर सरळ उतार लागतो. पाटी मागं गेली की ड्रायव्हर तिथं गाडी मोकळी सोडतात, आणि समोरून येणाऱ्यांना अजून पाटी लागलेली नसते. त्या उतारावर लांबवर हुलगे पसरले होते. कडेला दगड मांडले होते. सगळं गाव तिथं होतं. हुलगे आणायला लांब पडतं, पण मळणी चांगली होते, असं मला कुणीतरी सहज सांगितलं. दाजी गोणीवर बसले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली.

त्यांची नवी बायको रस्त्याच्या मधोमध वाकून झाडत होती. खराटा ओळखीचा होता. मला बघून ती उठली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात, मास्तरभाऊ. वळनावर आज कोनीच न्हाई. जरा हुबं ऱ्हाता का? गाडी आली की हाळी द्या."

माझ्या तोंडी पुष्कळ आलं होतं. तिच्या हातातून खराटा हिसकून घ्यावा, दाजींना गदागदा हलवावं, त्या पसाऱ्याला काडी लावावी. मी त्यांना काय सांगणार होतो जे मागं सांगितलं नव्हतं? आणि मी निघून गेलो तर वळणावर कुणीच नव्हतं.

मी वळणावर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं नगरकडून एक ट्रक आला. पाटी ओलांडली तसा त्यानं गिअर बदलला आणि जोर धरला. मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "आली ऽऽ!"

ती हाळीसरशी कडेला झाली. तिला ऐकू येत होतं.

ट्रक हुलग्यावरून गेला. शेंगा तडतडल्या. ती पुन्हा रस्त्यावर उतरली, वाकली आणि झाडायला लागली. मी उन्हं उतरेपर्यंत तिथंच उभा होतो.